पाहुण्यांसाठी खेकड्याचे गरम डिप: पाणी सुटू नये म्हणून काय करावे?

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात खाल्लेले खेकड्याचे गरम डिप, म्हणजे पावाला लावून खायचे चीज-खेकड्याचे मिश्रण, आपण पुण्यात आठ-दहा पाहुण्यांसाठी करू इच्छिता, पण ओव्हनमधून काढल्यावर त्याला पाणी आणि तेल सुटते, असा आपला प्रश्न आहे. मी मेरीलँडमधल्या बाल्टिमोर शहराजवळ राहतो. चेसापीक उपसागराच्या या परिसरात घरी चार माणसे जमली की हा पदार्थ हमखास होतो.

पाणी बहुतेक वेळा खेकड्याच्या मांसातून येते, तर तेल सुटते ते आच फार झाल्यामुळे. म्हणून सुमारे ४५० ग्रॅम शिजलेले मांस चाळणीत निथळून कागदी रुमालावर पसरावे आणि कवचाचे कण बोटांनी चाचपून काढावेत. मोठ्या पांढऱ्या तुकड्यांचे मांस सर्वांत महाग असते, परंतु डिपसाठी त्याचा आग्रह नको. डेंग्यांमधले काळपट मांस स्वस्त असूनही चवीला अधिक गडद असते, आणि चीजच्या सोबतीत तीच चव टिकून राहते.

साधारण तापमानाला आलेले २२५ ग्रॅम क्रीम चीज आधी एकजीव घोटावे. त्यात पाव-पाव कप मेयोनेज आणि सावर क्रीम, एक मोठा चमचा लिंबाचा रस, दोन छोटे चमचे वूस्टरशायर सॉस, अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड आणि दोन छोटे चमचे ओल्ड बे मसाला मिसळावा. नाझी जर्मनीतून निसटून बाल्टिमोरला आलेल्या गुस्टाव ब्रुन यांनी १९३९ च्या सुमारास तयार केलेला हा मसाला इथल्या खेकड्याची ओळखच होऊन बसला आहे. तो न मिळाल्यास सेलरी मीठ (सेलरीच्या बियांची पूड मिसळलेले मीठ), पॅप्रिका, मिरपूड आणि थोडे लाल तिखट वापरावे. आले-लसणाचा मोह मात्र आवरावा, कारण खेकड्याची गोडी त्याखाली दबते. वेगळे मीठ घालू नये.

मांस सर्वांत शेवटी, तुकडे मोडणार नाहीत अशा हलक्या हाताने मिसळावे. मिश्रण उथळ भांड्यात पसरून वर पाऊण कप किसलेले चेडार घालावे आणि १७५ अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे, म्हणजे कडेने बुडबुडे येऊन वरचा थर सोनेरी होईपर्यंत, भाजावे. त्यापुढे भाजत राहिल्यास चीज फाटते.

ताज्या चिंबोऱ्या सोलण्याइतका वेळ नसेल, तर कोळंबीचे लहान तुकडे लोण्यावर परतून, सुटलेले पाणी पूर्ण आटवून वापरावेत. मिश्रण आदल्या रात्री भांड्यात भरून फ्रिजमध्ये ठेवता येते. दुसऱ्या दिवशी भाजताना दहा मिनिटे जास्त द्यावीत. सोबत भाजलेला पाव किंवा इथल्यासारखे मऊ प्रेत्झेल (वेटोळ्या आकाराचा पाव) ठेवावे. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेले डिप टाकून द्यावे, आणि कोणाला खेकडा-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारावे.