आधी जागा, मग तडा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या १८२७ च्या अमेरिकन हाफ डॉलरचे फोटो पाहिले. मागच्या बाजूचा तडा (म्हणजे तडकलेल्या ठशामुळे नाण्यावर उठलेली रेघ) ओव्हर्टनच्या यादीतल्या, म्हणजे पुढच्या-मागच्या ठशांच्या प्रत्येक जोडीला क्रमांक देणाऱ्या यादीतल्या, तीन क्रमांकांशी जुळतो आणि पुढची बाजू त्यातल्या एकाशीही जुळत नाही, असं तू लिहितोस. गोंधळ नाण्यात नाही. तू तड्यापासून सुरुवात केलीस, तिथेच वाट चुकली.

हे नाणं कसं घडलं ते डोळ्यासमोर आण. १८०७ ते १८३६ या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पुढचा लिबर्टीचा चेहरा आणि मागचा गरुड हबने (चित्र उठावात असलेल्या मूळ साच्याने) ठशात दाबले जात, म्हणून ते सगळीकडे जवळजवळ सारखे. पण डावीकडचे सात तारे, उजवीकडचे सहा, सालाचे चारही आकडे, मागच्या बाजूची अक्षरं आणि ‘५० सी’ (५० सेंट) हे सगळं कारागीर एकेक पंच हाताने ठोकून उमटवी. त्यामुळे प्रत्येक ठशात त्यांची जागा केसभर तरी निराळी. ही जागा ठसा तयार झाल्यापासून मोडीत जाईपर्यंत हलत नाही. तडा मात्र नंतर पडतो आणि वाढत जातो. त्याच ठशाच्या सुरुवातीच्या नाण्यांवर तो नसतोच. शिवराई जमवणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, अक्षराची ठेवण आणि जागा पाहूनच ते ठसा ओळखतात. म्हणून आधी जागा, मग तडा.

१८२७ या एका सालाच्या चाळीसहून जास्त जोड्या आहेत, तेव्हा गाळत गाळत जायचं. प्रथम सालातला २ बघ: पाया सरळ की वळलेला? वळलेला निघाला तर मोजक्याच जोड्या उरतात. मग ७ च्या खाली-बाजूला आधीच्या ६ चे अवशेष शोध. त्यानंतर पहिल्या ताऱ्याचं टोक काठाच्या कोणत्या दात्याकडे रोखलंय, दात्याच्या मध्यावर की दोन दात्यांच्या फटीत, आणि तेराव्या ताऱ्याचं अंतर कुरळ्या केसांपासून किती, हे लिही. लिहीच, लक्षात ठेवू नकोस. आता नाणं उलटव. काठावरच्या ‘यूनायटेड’मधल्या ‘टी’ च्या खाली, गरुडावरच्या पट्टीतल्या ‘प्लुरिबस’ या शब्दाचा ‘आय’ कुठे येतो: डाव्या कडेखाली, मध्याखाली की उजव्या कडेखाली? मागच्या बाजूची छाननी बहुतेक वेळा या एका खुणेने अर्धी संपते. मग ‘५० सी’ मधल्या आकड्यांची उंची आणि अंतर. प्रत्येक बाजूला जागेच्या किमान दोन खुणा जुळल्याशिवाय क्रमांक लिहायचा नाही. एक बाजू जुळली म्हणजे जोडी सापडली असं होत नाही, कारण तोच मागचा ठसा दुसऱ्या पुढच्या ठशाबरोबरही वापरला जाई. तुझा घोळ नेमका हाच असावा.

तड्याने माणसं किती फसतात याचं उत्तम उदाहरण १८०७ चं ‘दाढीवाली’ नाणं. लिबर्टीच्या हनुवटीखालच्या तड्यांमुळे तिला दाढी असल्यासारखं दिसतं, आणि लोक ती वेगळी जात समजून पैसे मोजतात. क्रमांक ओ-१११बी (‘ओ’ म्हणजे ओव्हर्टन). यातला ‘बी’ ठशाची अवस्था सांगतो. ठसे तेच, १११ चेच.

दुसरा सापळा घासलेल्या ठशाचा. मध्ये चकती (कोरं नाणं) नसताना दोन ठसे एकमेकांवर आपटले की एकाच्या खुणा दुसऱ्यावर उमटतात. त्या घालवायला ठशाचा पृष्ठभाग घासत. त्यात ताऱ्यांची टोकं आखूड होतात, काठाचे दाते लहान होतात, केसांच्या बारीक रेषा जातात. हे पाहून नवी जोडी सापडल्याची आरोळी ठोकू नकोस. जागा मोज. घासल्याने रेघ बारीक होते, ‘आय’ सरकत नाही. ताऱ्यांचे मध्य सपाट असले तर तीही झीज असेलच असं नाही, कमजोर छापही तशीच दिसते.

मला हेकट म्हणणारे बरेच आहेत. घाईने पाहणाऱ्याला तडा आधी दिसतो आणि तेवढ्यावर तो समाधान मानतो, एवढंच माझं म्हणणं. तड्याला त्याची जागा मिळाली की मला तो कुणापेक्षाही जास्त आवडतो. एक मागचा ठसा एका पुढच्या ठशाबरोबर अखंड दिसतो आणि दुसऱ्याबरोबर तडकलेला, तर पहिली जोडी आधी छापली गेली. ओव्हर्टनचे क्रमांक छपाईच्या क्रमाने नाहीत, तो क्रम असाच लावावा लागतो. पण दोन्ही ठसे पक्के ओळखल्यानंतर.

फोटोबद्दल: कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर हवा, कललेला नको. दिवा एकच, बाजूने, आणि नाणं फिरवत तीन-चार फोटो. दहापट भिंग पुरेसं आहे. संगणकावर दोन फोटो एकावर एक ठेवताना चेहरा जुळवू नकोस, तो हबचा आहे, जुळणारच. बाह्य गोलाई जुळव आणि तारे कुठे पडतात ते बघ.

वजन १३.४८ ग्रॅम, व्यास सुमारे ३२.५ मिलिमीटर, चांदी ८९.२४ टक्के. झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरेल, फार कमी भरलं तर कड तपास. ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ ही अक्षरं कडेवर आधी उमटवत आणि चकती नंतर छापत. त्या काळच्या खोट्या नाण्यांत कडेची अक्षरं बहुधा वेडीवाकडी किंवा अपुरी असतात. दोन नाण्यांवर एकाच ठिकाणी एकसारखा ठोक्याचा खळगा दिसला, तर दोन्ही नाणी संशयित म्हणून वेगळी ठेव.

विक्रेता आर-५ (दुर्मिळतेची श्रेणी) म्हणतो म्हणून जास्त पैसे देऊ नकोस. आर-५ म्हणजे साधारण ३१ ते ८० नाणी माहीत असणं, आर-७ म्हणजे ४ ते १२. नवी नाणी उजेडात आली की हे अंदाज खाली येतात. आणि विक्रेत्यानेही तड्यावरूनच क्रमांक लावलेला असू शकतो. आधी स्वतः मोज, मग त्याची चिठ्ठी वाच.

आणखी एक, फोटोत नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात दिसतंय. ते पीव्हीसी असेल तर चांदीवर हिरवट चिकट थर येतो. आजच काढ. थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडव, नवं ॲसिटोन घेऊन पुन्हा बुडव, कडेने धरून तसंच वाळू दे. कापडाने पुसू नकोस, चांदी चमकवणारं कोणतंही द्रावण लावू नकोस. मग मायलारच्या (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या) पाकिटात ठेव.