रेणूला पिंजऱ्यात (म्हणजे दुसऱ्या मोठ्या रेणूच्या पोकळीत) कोंडलं की तो सामान्य तापमानालाही स्फुरदीप्ती (प्रकाश शोषल्यावर रेंगाळत राहणारी चमक) का दाखवतो?

कारण त्याला हलायला जागा उरत नाही. स्फुरदीप्ती येते त्रिक अवस्थेतून (दोन सुट्या इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेला असलेली उत्तेजित अवस्था), आणि तिथून प्रकाश बाहेर पडायला मिलिसेकंदांपासून सेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात मोकळा रेणू थरथरून, फिरून ऊर्जा उष्णतेत घालवून बसतो. उरलीसुरली विरघळलेला ऑक्सिजन हिरावतो. म्हणून एरवी नमुना द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्व्हिनला गोठवतात.

आता पिंजरा म्हणून बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घ्या: सात ग्लुकोज एककांचं कडं, आत पाण्याला न मानवणारी पोकळी. त्यात ब्रोमोनॅप्थॅलीन हा पाहुणा रेणू शिरतो. ब्रोमिनचा जड अणू त्रिक अवस्थेत जाणं आणि तिथून प्रकाश देणं, दोन्ही सोपं करतो (हे बरेचजण विसरतात). पण पाहुणा सैल बसला तर आत हलतोच. कुकरबिट्युरिल या दुसऱ्या कड्यासारख्या रेणूची पोकळी जास्त ताठर, त्यामुळे मापाचा रेणू तिथे घट्ट धरला जातो.