बजेटात आधी बाईचं मानधन लिही

प्रिय बाय,

वाड्यावाड्यांत पोषण शिकवायच्या कार्यक्रमाचं तुझं प्रपोजल वाचलं, मन लावून केलंयस ते दिसतंय, पण बजेटचं पान बघून राहवलं नाही म्हणून लगेच लिहायला बसले. बॅनर, किट, टी-शर्ट, उद्घाटनाचा हॉल, सगळ्याला आकडे आहेत आणि वाड्यावर जाऊन शिकवणार त्या बाईसमोर नुसतं 'स्वयंसेविका'. जिच्यावर सगळं उभं आहे तिलाच शून्य? असं नको करू गो.

एकदा येऊन प्रोटीन-व्हिटॅमिन सांगून गेलं की झालं, असं हे काम नाही. गोव्यात वाळपईकडच्या एका अंगणवाडीत बघितलेलं सांगते. बाहेरून आलेल्या मॅडमनी तांबडी भाजी (लाल माठ) शिजवून दाखवली, वरून लिंबू पिळायचं आणि जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही कारण चहाने लोह अंगाला लागत नाही, हे सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या. मग मागून एक बाई म्हणाली, मी सकाळी ७ ला कामाला बाहेर पडते, चहा-पाव सोडून खाऊ काय? मॅडम गप्प. उत्तर दिलं ते तिथल्याच सेविकेने: रात्रीच अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) शिजवून ठेव, सकाळी पेजेबरोबर खा, आणि चहा कामावर गेल्यावर तासाभराने घे. आणि पुढच्या आठवड्यात तीच सेविका विचारायला गेली, जमलं का म्हणून. ते परत जाऊन विचारणं, त्याचेच पैसे मागायचे असतात आपल्याला. झुवारीनगरला गेलीस तर तिथे कन्नड बोलणारी, त्याच वस्तीतली बाई लागेल, तिचंही मानधन धर, आणि भाजी-कडधान्य-गॅसचा खर्च धर, कारण शिजवून खाल्ल्याशिवाय कोणी शिकत नाही असं माझं ठाम मत आहे.

देणारे विचारणारच, गोवा तर श्रीमंत, इथे कुपोषण कुठलं? तेव्हा सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, एनएफएचएस-५ (२०१९-२१) पुढे ठेव: गोव्यात ५ वर्षांखालच्या मुलांत साधारण चारातलं एक खुरटलेलं, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी, आणि निम्म्याहून जास्त मुलांना अॅनिमिया. एवढं पुरे, पानभर आकडे नकोत.

आता पैसे कुठे मागायचे. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चासाठी, कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, नियमात बसणाऱ्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात आणि परिशिष्ट ७ मध्ये पहिल्याच मुद्द्यात भूक आणि कुपोषण आहे. पण तुमचा ग्रुप नवा, आणि कंपनी ज्या संस्थेमार्फत काम करते तिला आयकराची १२ए, ८०जी आणि कंपनी खात्याची सीएसआर-१ नोंदणी लागते, वर बहुतेक वेळा ३ वर्षांचं काम दाखवावं लागतं. तेव्हा स्वतःची नोंदणी होईपर्यंत एखाद्या जुन्या ट्रस्टबरोबर जा, त्यात कमीपणा काही नाही. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोड्यात काम करणार असशील तर डिस्ट्रिक्ट मिनरल फाउंडेशन विसरू नको. २०१५ च्या दुरुस्तीपासून खाणवाल्यांकडून हा पैसा खाणग्रस्त भागासाठी जमा होतो, आणि आरोग्य, महिला-बालकल्याण त्यात अग्रक्रमाच्या यादीत आहेत. गाव आरोग्य समितीला वर्षाला १०,००० पर्यंत खुला निधी मिळायची तरतूद आहे, तुझ्या कडधान्याचा खर्च त्यातून निघू शकतो, पंचाला भेट. परदेशी पैशाच्या मागे आत्ता लागू नको, एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याचा) व्याप तुला झेपणारा नाही.

सप्टेंबरात पोषण माह असतो, सगळ्यांना तेव्हा फोटो हवे असतात. कार्यक्रम कर, फोटो दे, पण मागणी वर्षभराची कर. कोणी म्हणालं मानधन काढा, किट वाढवा, तर वाडे कमी कर, दहाचे चार कर, मानधन काढू नको. मी इतकी वर्षं बघतेय, मानधन बंद झालं की बाई दुसरं काम धरते, तिला घर चालवायचं असतं, आणि तिच्यामागे कार्यक्रम महिन्याभरात बंद पडतो.

बजेट परत लिही, पहिल्या ओळीत मानधन, आणि खर्चाची बिलं पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाईलीत, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च केले त्याचा दाखला) मागतील तेव्हा धावपळ नको. शनिवारी दुपारनंतर घरी ये, बसून आकडे घालूया.

तुझी,
बाई