दोन हात एकदम की आधी एकेक?

प्रश्न : लहानपणी सात-आठ वर्षं पेटी शिकले, आता चाळिशीत पियानो घेतलाय. सी मेजर स्केल (सी पासूनची सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची सरगम) उजव्या हाताने मस्त जाते, डाव्यानेही ठीकठाक, पण दोन्ही एकत्र केले की मधेच गाडी अडकते. सर म्हणतात आधी हात वेगळे पक्के करा, मैत्रीण म्हणते एकत्रच वाजव नाहीतर कधीच जमणार नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : सरांचं ऐका ताई, पण महिनोन्महिने नको, आठ-दहा दिवस पुरे. पेटीवर तुमचा डावा हात कायम भात्यावर, त्याच्या बोटांना सुरांची सवयच नाही, म्हणून रोज बसलात की आधी त्याला घ्या आणि उजव्याच्या दुप्पट वेळ द्या. डाव्याने स्केल वाजवता वाजवता घरातल्यांशी भाजी काय करायची ते बोलता आलं की तो तयार झाला समजा.

आता अडकतं कुठे ते बघा, सी ला सा धरा. उजवा सा-रे-ग वाजवून म वर अंगठा बोटांखालून आणतो. डाव्याचा अंगठा मात्र प वर येतो आणि मग ध ला तिसरं बोट त्याच्यावरून जातं. म्हणजे दोन्ही हातांची वळणं वेगवेगळ्या सुरांवर, आणि हे वेगळं वाजवताना कळतच नाही हो, म्हणून मैत्रिणीचंही अगदीच चूक नाही. अख्खी स्केल पुन्हा पुन्हा घोटू नका, फक्त ग-म-प-ध, दोन्ही हातांनी, प्रत्येक सुरावर थांबत, जाताना आणि येतानाही.

त्याआधी एक सोपी गोष्ट करून बघा, दोन्ही अंगठे मधल्या सी वर ठेवून हात उलट दिशांना न्या, उजवा वर, डावा खाली. बोटं दोन्हीकडे सारखीच पडतात, अंगठेही एकदम वळतात, पहिल्याच दिवशी जमेल बहुतेक.

आणि बी मेजर, म्हणजे बी पासूनची स्केल! पाच काळ्या पट्ट्या बघून लोक पळतात, पण तिच्यात दोन्ही अंगठे बी आणि ई या दोनच पांढऱ्या पट्ट्यांवर, तेही एकाच वेळी येतात. पियानोचा थोर संगीतकार शोपाँ शिष्यांना सी च्या आधी हीच द्यायचा, लांब बोटं काळ्यांवर आपसूक बसतात म्हणून.

हॅननच्या (बोटांच्या व्यायामांचं पियानोचं पुस्तक) सुरुवातीचे व्यायाम करत असाल तर ते लगेच एकत्र करा, तिथे अंगठा खालून न्यायची भानगडच नाही. पुस्तकात मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांपासून 108 पर्यंत न्यायला सांगितलंय, तुम्ही सध्या 60 वरच राहा, आणि मनगट दुखलं की उठा.