सुलभ बायबल आणि सुबोध बायबल

वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय : "संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाला की सासूबाईंना बायबल वाचून दाखवायचंय. आम्ही कॅथोलिक. घरात मालवणी बोलतो, वाचतो मात्र मराठीच. 'सुलभ' आणि 'सुबोध' यांचा अर्थ एकच का? आणि कोणतं बायबल घ्यावं?"

'सुलभ' हा शब्द 'लभ्' म्हणजे मिळणे या धातूवरून आलेला. सहज मिळतं ते सुलभ, त्याच्या उलट दुर्लभ. 'सोपं' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. 'सुबोध' पहिल्यापासून कळण्याशीच बांधलेला. बोलताना एकाच्या जागी दुसरा वापरला तर काही बिघडत नाही. पण बायबल निवडताना हा फरक ध्यानात ठेवाच.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातलं वचन घ्या : "जे आत्म्याने दीन ते धन्य." यात अडावं असा एकही शब्द नाही, सासूबाईंनाही हे वचन पाठ असेल. पण 'आत्म्याने दीन' म्हणजे कोण? मन खचलेला? नेभळट? इथला मूळ ग्रीक शब्द भिकाऱ्यासाठी वापरतात तो. देवापुढे आपले हात रिकामे आहेत हे ज्याला पुरतं उमगलंय, तो माणूस इथे अभिप्रेत आहे. वचन सुलभ आहे, सुबोध नाही. ज्या अनुवादात हा अर्थ वाक्यातच उलगडलेला असेल, किंवा निदान खाली टीप असेल, तो घ्यावा.

दुसरी अडचण वाक्याची. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या ३ ते १४ या ओव्या... नव्हे, वचनं, मूळ ग्रीकमध्ये एकाच वाक्यात आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ते वाक्य जसंच्या तसं ओढत आणलं की ऐकणारा क्रियापदाची वाट बघत बसतो आणि कर्ता विसरतो. दुकानात हेच पान काढून मोठ्याने वाचा. दम लागला तर ती प्रत खाली ठेवा. संस्कृत शब्द किती आहेत ते मोजत बसू नका. 'कृपा', 'प्रायश्चित्त' हे शब्द चर्चमध्ये रोज कानावर पडतात, त्यांनी कुणी अडत नाही.

ओव्यांचं नाव ओठावर आलं ते आपल्याच किनाऱ्यामुळे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं (येशूसंघी धर्मगुरूचं) ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून इथल्या बोलीतले सोपे शब्द जागोजाग मिसळले, असं त्यांनी प्रस्तावनेतच लिहिलंय. सुबोधपणाची काळजी आपल्याकडे चारशे वर्षांची आहे, याचा मला फार आनंद वाटतो. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या अनुवादाला 'सुबोध बायबल' हेच नाव दिलं. माझ्या मते तुम्ही आधी तेच चाळावं.

मात्र कोणतीही प्रत घेण्याआधी अनुक्रमणिका बघा. कॅथोलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात ६६. फरक जुन्या करारातल्या सातांचा : तोबित, यूदिथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन. (नावांचं लेखन प्रतीप्रतीत थोडं बदलतं.) शिवाय एस्तेर आणि दानिएल यांतले काही भाग. पंडिता रमाबाईंचा १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झालेला अनुवाद साध्या मराठीसाठी जरूर वाचावा, पण त्यात ही सात पुस्तकं नाहीत. ती नसली तर काय अडतं? लग्नाच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) तोबितातली नवरा-बायकोची प्रार्थना वाचतात. मयताच्या मिस्सात 'नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत' हा ज्ञानग्रंथातला उतारा येतो. घरी येऊन सासूबाई म्हणाल्या, "तेच परत वाच गो," तर ६६ पुस्तकांच्या प्रतीत तो सापडणारच नाही.

पहिल्या पानांवर बिशपांची अनुमती छापलेली आहे का, तेही बघून घ्या. आणि जुन्या प्रार्थनापुस्तकातलं स्तोत्र नव्या बायबलात जुळलं नाही तर एक आकडा पुढे बघा : 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे जुन्या लॅटिन गणतीत २२वं, आता बहुतेक प्रतींत २३वं आहे.