नाशिकची वाईन टूर पहिल्यांदा करतोयस तर

अरे, एका दिवसात चार-पाच वायनरी कोंबू नकोस, दोन बास, फार तर तीन. गाडी ड्रायव्हरसकट दिवसभराची ठरव, टेस्टिंग करून स्वतः चालवायची नाही म्हणजे नाही, आणि टोल, वेटिंग, ड्रायव्हरचं जेवण सगळं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे, मला एकदा संध्याकाळी भलतेच पैसे मोजावे लागलेत.

सकाळी गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क कर, दोन्ही जवळजवळच आहेत, मग जेवून दिंडोरी साईडला. शक्यतो जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा द्राक्षांची काढणी चालू असते. पावसाळ्यात हिरवंगार असतं, मलाही आवडतं, पण घड दिसत नाहीत कारण गोडी छाटणीच, म्हणजे जिच्यानंतर वेलीला घड धरतात ती छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. शनिवार-रविवार टाळच, आणि ड्राय डे आहे का ते बघून घे.

टेस्टिंगला पोटभर नाश्ता करून जा. आधी शेनिन ब्लाँ म्हणजे व्हाईट वाईन, शिराझ ही रेड नंतर. ग्लास दांडीला धर, नाहीतर हाताच्या उबेने वाईन कोमट होते, हलकेच फिरव, नाक आत घालून वास घे, पेरू-अननसासारखं काहीतरी जाणवेल, मग छोटा घोट. सगळं संपवायलाच पाहिजे असं नाही, उरलेलं बिनधास्त ओतून दे, कुणी काही म्हणत नाही.