प्रार्थना सुचत नाही, म्हणजे विश्वास संपला का?

ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनाला येणारे लोक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. अहिल्यानगरकडच्या एका बाईंनी तो फार थेट विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे 'प्रार्थनेच्या बाई' म्हणत. कोणी आजारी पडो, कोणाच्या मुलाची दहावी असो, बाईंना बोलावणं यायचंच. पतीचं डायलिसिस चालू होतं तेव्हाही त्या दुसऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जात होत्या. पती गेले, आणि डोळे मिटले की तोंडातून शब्दच फुटेना. "मॅडम, मी आता ख्रिस्ती तरी आहे का?"

आधी झोप, भूक, जगणं नकोसं होतं का, हे विचारून घेतलं. प्रत्येक दुःखाला लगेच विश्वासाची परीक्षा म्हणणं मला पटत नाही. कधी कधी डॉक्टरच लागतो. त्यांची झोप मोडली होती, पण बाकी दिवस नीट चालले होते. मग विचारलं, "शब्द येतच नाहीत, की येतात ते बोलवत नाहीत?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. "येतात ना. पण देवाला बोलण्यासारखे नाहीत."

गाठ इथे होती. मयताला आलेले सगळे 'प्रभूची इच्छा' म्हणाले, बाईंनीही मान डोलावली. राग आतच राहिला. इतक्या वर्षांत त्यांची प्रार्थना चारचौघांत बोलायचीच झाली होती. तिच्यात 'प्रार्थनेच्या बाई' होत्या, नवरा गमावलेली बाई नव्हती.

बायबलमधली स्तोत्र २३ आणि १२१ ही धीर देणारी स्तोत्रं त्यांना तोंडपाठ. मी ८८ वाचायला सांगितलं. ते तक्रारीने भरलेलं आहे आणि अंधारातच संपतं. घरगुती उपासनेला ते कोणी निवडत नाही, यात नवल नाही! पुढच्या भेटीला त्या चिडूनच आल्या. "असं बोलणं पाप नाही?"

मी म्हटलं, वधस्तंभावर येशूनेच 'माझा त्याग का केलास' हे स्तोत्र २२ मधले शब्द उच्चारले. आणि ज्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तुम्ही लहानपणापासून गाता, ते अभंगाच्या वाटेवरचे. त्या वाटेवर जनाबाई विठ्ठलाला शिव्यासुद्धा देते. तो ऐकतो असं मनात कुठेतरी धरलेलं असतं, म्हणून तर माणूस देवावर रागावतो.

एका रात्री स्वयंपाकघरात बाईंनी मोठ्याने भांडून घेतलं. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. चर्चच्या पाळकांना त्यांनी स्वतःच सांगितलं, की सध्या मी प्रार्थना चालवणार नाही. मागच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली ठरलेल्या शब्दांची प्रार्थना, म्हणेन. हे पाऊल मला त्या भांडणापेक्षाही मोठं वाटतं. स्वतःचे शब्द आटले तरी मंडळीचे असतातच. शिवाय काय मागावं हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो.

आताही बोलावणं आलं की त्या जातात. आजाऱ्याजवळ बसतात, स्तोत्र वाचतात, आणि प्रार्थना घरातल्याच कोणाला तरी करायला लावतात. मंडळीतल्या काहींना हे अजून रुचलेलं नाही.